वाघजाईच्या वळणावरचा रोटर

ऐका. मध्ये बोलायचं नाही. ज्याला भीती वाटते त्यानं आत्ताच घरी जावं.

वाघजाईच्या घाटातून रात्री गाडी का नेत नाहीत, ते सांगतो. मला ठाऊक आहे. त्याचं मूळ मीच आहे.

मी फाट्यावर गाड्या दुरुस्त करायचो. शाळा दोन यत्ता. पण इंजिन कानानं ओळखायचो. रखमाजी गावडे वडापची, माणसं भरून न्यायची जीप चालवायचा. एकदा त्याची जीप झटके खात आली. इंजिनाच्या बाजूला डेल्को असतो. त्याच्या टोपीखाली बोटाएवढा रोटर फिरतो, प्लगांना ठिणगी वाटतो. रखमाजीचा रोटर दांड्यावर ढिला झाला होता. आतली पत्ती मोडलेली. नवा रोटर तालुक्याला मिळायचा. मी बिडीच्या बंडलाचा कागद घडी करून आत कोंबला. सगळेच तसं करायचे.

त्यानं विचारलं, "मिस्त्री, घट्ट बसलाय ना?"

मी म्हणालो, "मला शिकवू नकोस. वर्षभर हलायचा नाही."

आठव्या दिवशी रात्री त्याच्या चिंगीला पान लागलं. नाग होता. सहा वर्षांची पोर. मागच्या सीटवर निजवून रखमाजी दवाखान्याकडं निघाला. घाटातल्या वळणावर जीप बंद पडली. कागद जळून गेला होता. सकाळी दूधवाल्याला दिसलं ते असं. बॉनेट उघडं. पोर गेलेली. रखमाजी आगपेटीच्या जळक्या काड्यांच्या ढिगात बसलेला. महिन्याभरात त्यानं त्याच वळणावरून दरीत उडी घेतली.

मी कागदाचं कुणाला सांगितलं नाही. गाडीच जुनी, म्हणालो.

मग त्या वळणावर गाड्या बंद पडायला लागल्या. हसू नका. ऐका.

बारा वर्षं गेली. माझी लेक अनसूया बाळंतपणाला आली होती. मूल अडलं. सुईण म्हणाली, दवाखाना गाठा. दिवस मावळला होता. मी जीप काढली. रोटर सकाळीच माझ्या हातानं बसवलेला. नवा कोरा.

घाट लागला. आधी एक झटका. मग दिवे मंद. मग बाजूनं कुणीतरी चालायला लागलं. जीप तिसऱ्या गेअरमध्ये, आणि तो चालतोय! वळणावर इंजिन बंद.

बॉनेट उघडून डेल्कोची टोपी काढली. क्लिपा जागच्या जागी होत्या. आत रोटर नाही.

पलीकडून काडी पेटली. रखमाजी वाकून बघत होता.

"पोर कण्हतेय, मिस्त्री. घट्ट बसवला होतास ना?"

काडी विझली. दुसरी पेटली. तोच प्रश्न. तिसरी पेटली. तोच प्रश्न. मागून अनसूयाचं कण्हणं येईनासं झालं.

मी जन्मात कुणापुढं मान खाली घातली नव्हती. तिथं घातली.

"नाही. कागद कोंबला होता. तालुक्याला जायचा कंटाळा केला. तुझी पोर माझ्यामुळं गेली."

मग माझ्या तळहातावर रोटर आला. गरम. मी बसवला. त्यानं बोटानं हलवून पाहिला.

"जा. तिला उशीर होतोय."

अनसूया वाचली. तिची लेकही वाचली.

त्या वाटेनं रात्री जाऊ नका. तो कुणाला मारत नाही. पण बॉनेट उघडलं की त्याला वाटतं, मागं आपली चिंगी आहे, अजून वेळ आहे. काडी पेटवून मागच्या सीटपाशी जातो. ती दुसऱ्याचीच निघते. मग तो रडतो. निघताना मी ते ऐकलं. त्याला पुन्हा रडवू नका.