माह्या कोंबड्या अन जाऊची राख

माहेरी माहा बाप भाजीपाला पिकवे, मी लहानपनापासून सांबाराच्या, तुमी कोथिंबीर म्हनता त्याच्या, जुड्या डोक्यावर घेऊन बाजार करो, अन लगन झालं तं आष्टीजवळ या गावात आली, इथंबी वांगे अन सांबारच, म्हंजे टोपलं काही सुटलं नाई. घरात दोघी जावा. मोठी इंदूबाई, मी लहानी. काय सांगू तुमाले ताई, मले तिचा हेवा वाटे, आतापासून नाई, आंगाची हळद उतरली नव्हती तवापासून. मले तीन लेकरं, तिची कूस रिकामी, जळाचं तं तिनं जळाव, पन जळो मीच. सासू माह्या हातचं खाये अन गुन मोठीचे गाये.

वेगळं निंगाल्यावर मधात तुराट्याचं कूड घातलं, इकडं मी, तिकडं थे. तिच्याकडं पाच-सात गावरान कोंबड्या, अशा तुकतुकीत का पाहातच राहावं, अन सासू कुडाच्या तिकडं खाट टाकून बसे, म्हने मोठीच्या हाताले गुन आहे. मले थे हाताचा गुन म्हनलं का आगच लागे. त्याच साली आमच्याकडं गॅस आला, आळीत पयला गॅस आमचा. मी चूल फोडून टाकली, जागा सारवून घेतली. इंदूबाई पाहाले आली, म्हने बरं झालं सुमन, डोळ्यातला धूर गेला तुह्या. आता पाहा, तिले वाईट वाटाव म्हून फोडली होती मी चूल, तं थे खूशच.

मंग मी बाजारातून सहा कोंबड्या आनल्या. मालक म्हने कायले, भाऊच्या घरी आहेत ना, अंडे तं येतातच आपल्याकडं. म्हनलं तिच्या घरचे नाई पाह्यजे मले, माह्या घरचे पाह्यजे. पन या कोंबड्या सोडल्या का चालल्या कुडाखालून तिच्याकडं! दानं मी टाको, अन आंगन तिचं गोड. मी काय केलं, सहाच्या सहा एका डाल्याखाली झाकून ठेवल्या, सारवलेल्या चोख जागेवर, मातीचा कन नाई लागू देला. दिवसातून घडीभर सोडो, थेबी हातात काडी घेऊन.

पंधरा-वीस दिवस नाई झाले तं पिसं गळाले लागले. पयले मानीचे, मंग बुडाचे, आंग लाल लाल, अन चोचीनं सारख्या आंग टोचून राहाच्या. अंडं तं एक नाई. अन तिकडं तिच्या तशाच तुकतुकीत. माह्याबी हाताले, मानीले खाज सुटली. सासू म्हने नजर लागली. म्हनलं बराबर आहे, कोनाची लागली थेबी मले माईत आहे. मीठ-मिरच्या उतरवल्या, पन जाळाव कुठं, चूल तं फोडलेली. गॅसवर जाळल्या, अन अख्खी आळी ठसकली.

अन दुसऱ्या दिवशी बोरींगवर पानी भरता भरता मी बोलली. चार बाया होत्या. म्हनलं रिकाम्या कुशीची नजर वाईटच असते, माह्या कोंबड्या पाहा, उद्या लेकराईवर येइन. ताई, जीभ कशी नाई झडली माही. महिन्याभरात बाजूच्या घरी बारसं झालं, साऱ्या आळीले बलावनं, इंदूबाईले नाई. पाळन्याचे गाने ऐकू येऊन राह्यले अन थे आपल्या आंगनात एकटीच तुरीची दाळ पाखडत बसली. मी जरीचं लुगडं नेसून तिच्या समोरून गेली. बरं वाटलं मले, खोटं कायले बोलू, थ्या दिवशी मले बरं वाटलं.

पन कोंबड्या काही सुधरेना, एक मेली. मंग एक पिशवीत घालून जनावराईच्या डॉक्टरकडं नेली. त्यानं पख उचलला अन म्हने पाहा मावशी. काय पाहाव, उवाच उवा, चालून राह्यल्या! म्हने नजर-बिजर काही नाई, बाजारातूनच संगं आल्या ह्या, अन तुमी दाबून ठेवल्या तं वाढल्या. औषध देतो, पन कोंबडीले धुळीत, राखेत लोळू द्या, हेच तिचं न्हानं असते. मी घरी आली. चोख सारवलेलं आंगन, अन राख कुठची, गॅस आहे ना माह्याकडं.

डालं उचललं. पाचही जनी कुडाखालून घुसल्या अन सरळ तिच्या चुलीतल्या पऱ्हाटीच्या राखेच्या ढिगात. मी मांगं धावली. इंदूबाई हातात खराटा घेऊन उभी. वाटलं आता हाकलते, अन हाकललं असतं तं चूक नव्हती तिची. तिनं खराटा ठेवला, खाली बसली, एकेक कोंबडी मांडीवर घेऊन पखाखाली राख चोळली. मी उभीच. मान वर न करता म्हने, सुमन, यायच्या उवा राखेनं जातीन, तू बोरींगवर बोललेली गोठ कायनं जाईन?

कोंबड्याईले दोन महिन्यात नवे पिसं आले, पन थे गोठ गेली नाई. बाया तिले बलावेच ना. बोरींगवर जाऊन सांगाव, उवा होत्या, नजर नव्हती, एवढंच बोलाचं होतं ताई, पन पाच-सहा वर्स माह्या तोंडून नाई निंगालं.

मंग माही पोरगी बाळंतपनाले आली, नातू झाला. बारशाच्या दिवशी पाळन्याखालून-वरून लेकरू देतेत ना, त्याले एका बाजूले मी, दुसऱ्या बाजूले लेकुरवाळी बाई लागते. दोघी-तिघी पुढं झाल्या. इंदूबाई मांगं, दाराजवळ. मी हाक मारली, बाई, तुमी या समोर. गानं थांबलं. पोरीच्या सासूनं माह्याकडं पाह्यलं. म्हनलं, कोंबड्याईले उवा होत्या, नजर नव्हती, मी डोळ्यानं पाह्यलं होतं अन तोंड दाबून बसली, लेकरू पयले यायच्याच हातात जाईन. इंदूबाई समोर आली, पदराले हात पुसले अन लेकरू घेतलं.

आता थो नातू सहा वर्साचा झाला. उनाळ्यात येते, बॅग माह्या ओसरीवर फेकते अन बडी आजी, बडी आजी करत पळते कुडाच्या तिकडं. तिच्याच हातचं खाते, तिच्याच जवळ झोपते. आजी कोन, मी का थे? जळते मले, अजूनबी जळते, मरेपर्यंत जळन. देवानं तिले शंभर वर्स द्यावं, पन दिवसातून एक जेवन तं त्यानं माह्याकडं कराव ना ताई, का नाई?