दार उघडलं का?

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून आजी डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर कॉलेजातले एक सर, तेही थेंब घालून तसेच. त्यांच्या सहीसाठी मॅडम निकालाचे कागद घेऊन तिथवर आल्या होत्या.

"सर, सिनेमाच्या प्रसिद्धीचा प्रकल्प. या मुलीचे चार गुण वाढले तर ती पास होते, नाहीतर वर्ष बुडतं."

"अहो मॅडम, पोस्टर धूसर, झलक अंधारी. माणूस सिनेमाकडे ओढला जायला नको का?"

"झलक पुन्हा एकदा ऐका तरी."

"लावा. डोळे मिटलेत, कान थोडेच मिटलेत!"

मोबाइलमधून आधी दारावरची बेल वाजली. मग एक थकलेला आवाज आला, "ताई, मी आलोय. बारा वर्षांनी आलोय. दार उघड गं." आतून पावलं वाजली, दारापाशी आली आणि थांबली.

"संपलं? यात काय आहे, मॅडम?"

"अहो, पण तिनं दार उघडलं का?" आजींना राहवलं नाही.

"आजी, ते सिनेमा बघितल्यावर कळेल," मॅडम म्हणाल्या.

"मग कुठं लागलाय? डोळे उघडले की पहिला तोच बघते. मलाही एक भाऊ आहे हो."

सरांनी मिटल्या डोळ्यांनीच आजींच्या आवाजाकडे मान वळवली.

"मॅडम, चार वाढवा."

"हुश्श! सर, पोरीचं वर्ष वाचलं हो!"

"आणि तिला म्हणावं, पोस्टरवर तारीख-वेळ घाल. माणसं घरून निघालीसुद्धा."