बर्फाच्या माणसाला कोपी

...अन् वरून सर मलाच विचारतात, "मॅडम, तुमच्या पोरांना साधं रंगवता बी येईना का?" आता तुम्हाला सांगते, मी उदगीरच्या इंग्लिश शाळेत छोट्या गटाला लई वर्षं शिकवतेय, पण असला कागद जन्मात पाहिला न्हाई. आमचे संगमेश्वर सर, म्हणजे शाळेचे मालक, त्यांनी नाताळच्या सुट्टीआधी पोरांनी रंगवावं म्हणून नेटवरून चित्र काढून आणलं. काय असावं? बर्फाचा माणूस. तीन गोळे एकावर एक, डोक्यावर टोपी, नाकाच्या जागी गाजर. अहो, आमच्या पोरांनी बर्फ पाहिला तो रसवंतीवर, न्हाईतर लग्नात पाण्याच्या टाकीत. बरं, ते बी सोडा. माणूस पांढरा, कागद पांढरा, अन् हुकूम रंगवायचा. तुम्हीच सांगा, पांढऱ्याचं रंगवायचं काय?

सर म्हणाले (त्यांचा आवाज असा नाकातून येतो), "मॅडम, पालक येणारेत. भिंतीवर सगळी चित्रं सेम पाहिजेत. टोपी रेड, मफलर ग्रीन, बाकी व्हाइट. डिसिप्लिन दिसली पाहिजे." मी म्हटलं बरं. मालकाला न्हाई कोण म्हणतंय?

वाटले कागद. अर्ध्या मिनटात टोप्या लाल झाल्या, मफलर हिरवे झाले, अन् पोरं बसली माझ्या तोंडाकडं बघत. गुंडप्पा नावाचं एक टिल्लू हाय, त्यानं पांढरा खडू घासून घासून कागदाला भोक पाडलं. "बाई, रंग उमटंना." आता काय सांगू त्याला? पांढऱ्याचं रंगवायचं काय, हे मलाच ठाऊक न्हाई!

तेवढ्यात रुद्राणी उठली. बोटभर पोरगी, पण बोलणं सासूसारखं. "बाई, ह्यो आमच्या शेतातला पांडव हाय."

आता तुमच्यात कुणी पुण्याबिण्याचं असंल तर सांगते. आमच्याकडं वेळ अमावस्येला, म्हणजे येळवसीला, सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोपी, म्हणजे खोपट, करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. त्यांना आंबील अन् भज्जी, म्हणजे झाडून सगळ्या भाज्यांचं कालवण, ह्याचा निवद, मग आपण पोट फुटेस्तोवर जेवायचं. येळवस दोन दिवसांवर आलेली, पोरांच्या डोक्यात दुसरं काय असणार? चुन्यासारखा पांढरा दिसला की पांडव!

रुद्राणी म्हणती, "पांडव उघड्यावर कसा ठेवला? थंडी वाजंल की त्याला." झालं. सगळ्या वर्गानं पिवळा खडू उचलला अन् बर्फाच्या माणसाला कडब्याची कोपी घातली. गुंडप्पा म्हणाला, "बाकीचे चौघं कुठं गेले?" म्हणून प्रत्येकानं उरलेले चार काढले. आंबिलीचं मडकं आलं, हरभरा आला. मी रुद्राणीला विचारलं, "अन् नाकाला गाजर का गं?" तर म्हणे, भज्जीतलं उरलं असंल. मी हसून हसून खुर्चीत बसले. पांढऱ्याचं काय रंगवायचं, ते पोरांनी मला शिकवलं.

अन् सर आले.

"हे काय? स्नोमॅनवर झोपडी कुणी घातली?"

"कोपी हाय सर," सगळा वर्ग एका सुरात.

"फाडा. नवे कागद देतो, परत करून घ्या. अन् मॅडम, ही भिंतीवर दिसली, तर सुट्टीनंतर तुम्ही शाळेत दिसायचं न्हाई."

खोटं कशाला बोलू, आधी पगारच आठवला. नोकरी गेली तर घरी काय सांगणार? पण रुद्राणीनं चित्र छातीशी धरलं होतं, अन् ते बघून माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. पोरांनी आपलं शेत काढलं तर फाडायचं, अन् कुठल्या परदेशातलं ढेकूळ काढलं तर भिंतीवर? लावली. एक-एक लावली, चांगली खळ शिजवून लावली. म्हटलं, आता काढा बघू.

पालक आले. पुढं रुद्राणीची आजी, शिवम्मा. येळवसीचा बाजार करूनच आलेली, हातात पिशवी. भिंत बघितली, चपला दारात काढल्या, पदर डोक्यावर घेतला, अन् पिशवीतली हळदीकुंकवाची पुडी सोडून लावली की बोटं चित्राला. "लई ग्वाड केलं बाई, साळंत बी पांडव मांडले." तिच्यामागं दुसरी, दुसरीमागं तिसरी, रांगच लागली. सर धावत आले, तोंड उघडणार, तर शिवम्मा शांतपणे म्हणती, "सर, बूट."

सरांनी बूट काढले. हात जोडले. अन् माझ्यादेखत पालकांना सांगतात कसे, "आपली संस्कृती जपली पाहिजे, म्हणून मीच सुचवलं."

सुट्टी संपली. सर म्हणाले, आता उतरवा. शाळेची शिपाईमावशी केवळाबाई म्हणाली, "कुंकू लागलेल्याला मी न्हाई हात लावणार." सर स्वतः स्टुलावर चढले, कुंकवाला बोट लागणार तोच हात मागं घेतला, अन् तसेच खाली उतरले. मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही मांडलेत, आता तुम्हीच बघा."

जिंकले मी, न्हाई कुठं म्हणते? नोकरी राहिली, भिंत राहिली. फक्त शाळा भरायच्या आधी येऊन, पोरागणिक पाच पांडव धरून, अख्ख्या वर्गाच्या पांडवांना उदबत्ती ओवाळायची, अन् मग पोरांची हजेरी घ्यायची... तेवढं बघतेय.