चुरगाळलेली चादर

बसा, बाई — त्या खुर्चीत नको, ती नेव्हिलची — बरं, बसलातच तर राहू द्या, तो काही आता उठवायला येत नाही. वकिलांनी पाठवलंय ना तुम्हाला? लिहून घ्या. बातमी कळली मंगळवारी सकाळी. मी सफरचंदाच्या छाटणीत. 'माझ्यापाशी बसू नकोस, झाडं वाट बघत नाहीत' — इस्पितळातून त्यानंच हाकललं मला. तो गेला सोमवारी. इस्पितळानं बर्नी गावी त्याच्या भाच्याला कळवलं — रक्ताचा ना! — आणि भाच्यानं सवडीनं मला. 'क्लॅरी, मामा गेला. तुम्ही त्याचे भाडेकरू, म्हणून सांगितलं.' अडतीस वर्षं त्याचे मोजे रफू करणारा भाडेकरू!

आता तो भाचा नेव्हिलला बर्नीत पुरणार, ज्या आईनं त्याला घराबाहेर काढलं तिच्या कुशीत. केवढी माया! गुरुवारी दफन; तोवर मी कायद्यानं जोडीदार ठरलो, तरच तो इथं, सिग्नेटला राहील.

दोघांचा फोटो? नाही हो. असेल कसा? तेव्हा टास्मानियात दोन पुरुषांचं प्रेम हा गुन्हा होता, तुरुंगाचा. एकानं उभं राहायचं, दुसऱ्यानं कॅमेरा धरायचा. शेजारीण? ती शपथेवर सांगेल — मी त्याचा मावसभाऊ. आम्हीच सांगितलंय तिला! आणि ती मागची खोली बघा. रोज सकाळी मी तिथली चादर चुरगाळायचो, उशीला खड्डा पाडायचो — पोलीस आलेच तर दिसावं, दोन पुरुष दोन खाटांवर निजतात. किती नीटनेटकं काम, नाही? तेव्हा सरकार पुरावा शोधत होतं, आम्ही लपवत होतो. आता सरकार म्हणतं, दाखवा की! — हसा, बाई, हसा, मीही हसतोच आहे.

काय? कायदा बदलल्यावर नात्याची नोंदणी का नाही केली? — चहा घेता? नको? — नेव्हिलनं आणला होता फॉर्म. दोघांची नावं, जन्मतारखा, सगळं त्याच्या अक्षरात. महिनाभर जेवायच्या टेबलावर होता, मीठदाणीखाली. मी म्हणायचो, या वयात गावभर दवंडी कशाला पिटायची?  एक दिवस त्यानं तो उचलून ठेवला, बस्स.

आहे, कपाटात आहे. नको, काढू नका, तुमच्या उपयोगाचा नाही. निघा आता, रस्ता वळणाचा आहे.

त्यानं सही केली होती. मी केली नाही.