मुराळी यायच्या आधी

कान्हा : एकच लुगडं? अगं नवसी, दोन रात्री राहायचंय ना तुला वाडीवर? की नेसतं तेच दोन दिवस घासणार?

नवसी : बास होतं एक. माहेरी जायला काय लागतं?

कान्हा : हे बघ, सेठच्या कारखान्यात मी दिवसभर बॅगा शिवतो. पूर्ण कॅम्प एकच्या बाजारात या बॅगेसारखी चेन नाही मिळणार तुला, मख्खन चालते! सेठने दिवाळीला खास दिली. आणि माझी बायको माहेरी जाणार खताच्या गोणीची पिशवी घेऊन. नव्वद साल उजाडलं, आता तरी पिशवी सोड.

नवसी : तुमची बॅग नेऊन त्यात भरू काय? दगड? बदलापूरला यश्टीतून उतरलं की पुढं चढ आहे. तो कोण चढणार ती घेऊन?

कान्हा : बारकू न्यायला येतोय ना? मुराळ्याने उचलायची. आमच्याकडे रीतच आहे. बरं, ते राहू दे. एका लुगड्यात कशी भागवायचीस, सांग तर. मला आजपर्यंत कळलं नाही.

नवसी : बायकांचं तुम्हाला काय कळायचंय! मी उंबऱ्यात पाय ठेवला की आय पाणी द्यायच्या आधी आपलं जुनं लुगडं अंगावर टाकायची. म्हणायची, "ते शेहरातलं सोड आधी, धूर लागल त्याला." माझं धुऊन कुडावर वाळत घालायची, आणि परत निघायच्या दिवशी घडी करून हातात द्यायची. कडक. जसं नेलं तसंच यायचं.

कान्हा : म्हणजे तू दोन दिवस सासूबाईंचीच लुगडी नेसायचीस?

नवसी : मग? मऊ कसली असायची! शंभरदा धुतलेली. त्यांना चुलीचा वास, आणि तिचा. ते नेसलं की कामाला हात नाही लावायचा, नुसतं चुलीपुढं बसायचं. आय भाकरी थापायची आणि म्हणायची, "बस, तिकडं हायेच राबायला." तर पिशवीत एकच...

कान्हा : काय झालं?

(नवसी पिशवीतलं लुगडं परत बाहेर काढते.)

कान्हा : नवसी?

नवसी : आय कुठं आहे आता? अहो, हाताला कळलंच नाही. चैतात तिला पोचवून आले, आणि आज बघा, एकच लुगडं घडी घालून बसले शहाणी.

कान्हा : रडू नको गं. होतं असं. माझा बाप गेल्यावर मी वर्षभर बिड्यांची दोन बंडलं घेत होतो, एक त्याचं.

नवसी : रडत नाही मी. द्या ती बॅग.

कान्हा : आत्ता कशी लायनीवर आली! घे.

नवसी : ते निळं द्या. ते पिवळं पण. चादर द्या. टॉवेल. साबणाची वडी. आणि तो कप द्या, कान तुटलेला नको, चांगला.

कान्हा : कप? अगं, तू लग्नाला चाललीस का इस्पितळात? बारकूच्या घरी कप नाही?

नवसी : त्याच्या बायकोच्या घरी असेल, चंद्रीच्या. मला मागायला नको तिच्याकडं. पाहुणीनं आपलं आपलं न्यावं.

कान्हा : पाहुणी? सख्ख्या भावाच्या घरात?

नवसी : घर भावजयीचं असतं. दहाव्यालाच बघितलं ना, कशी घर झाडत होती ती. आयची गाडगी, टोपली, सगळं बाहेर. तोंडातून एक शब्द नाही. दिवाळी गेली, "ये" म्हणून निरोप नाही. आता नवं भात झालं, पोहे कुटले, तेव्हा ताय आठवली.

कान्हा : ती बोलतच नाही कुणाशी, बिचारी. माझ्याशी पाच वर्षांत दोनदा बोलली असेल. टेन्शन नको घेऊ.

नवसी : घेत नाही. बघून येते एकदा. राहिलं असेल माहेर तर राहिलं, नाहीतर बॅग उचलून येईन. बसा बॅगेवर, चेन लागत नाही.

कान्हा : मख्खन चेन आहे, जरा प्रेमाने ओढ!

(दारावर थाप. बारकू आत येतो.)

बारकू : ताय, झाली का तयारी? दाजी, बॅगेवर का बसलाव?

कान्हा : ये बारकू. तुझ्या बहिणीचा संसार दाबतोय आत.

बारकू : ही बॅग? ताय, ही समदी तुझी? दोन दिसांसाठी?

नवसी : का? जड होईल तुला? मी उचलते.

बारकू : जड व्हायाचं नाय गं. पण... तू कदी अशी बॅग घेऊन नाय आलीस.

नवसी : आधी आय होती. तिची लुगडी होती. आहेत का रे ती? एखादं तरी?

बारकू : नाय. चंद्रीनं दिली. आयला शेवटची आंगूळ घातली त्या बायांना.

नवसी : सगळी? लेकीला एक ठेवावंसं नाही वाटलं तिला?

बारकू : मी बी भांडलो त्यावरनं. तर म्हनली, ठेवलं तर ताय येल तवा तेच तोंडाला लावून बसल, दोन घास खायाची नाय. म्हून दिली.

नवसी : माझं काय, ते तिनं ठरवायचं?

बारकू : चुकलं आसल. मला तिचं समदं कळत नाय. पन ऐक. परवा तिनं आपलं हिरवं लुगडं नदीवर नेऊन धुतलं. लग्नातलं. दोनच हायेत तिला, चांगलं ते एकच. घडी घालून ठेवलंय.

नवसी : कशाला?

बारकू : तू आल्यावर तुला द्यायाला. आय द्यायची तसं. पन भ्याली हाय. निघताना मला म्हनली, तायला काय इचारू नको, नुसती तिची पिशवी बघ. हलकी आसली तर मी हिरवं देईन. जड आसली तर गप ऱ्हाईन.

नवसी : असं म्हणाली? चंद्री?

बारकू : एवढं लांबडं ती पहिल्यांदाच बोलली. दिवाळीला बी बोलवायचं व्हतं तिला. म्हनली, आय नाय, तायला घर खायाला उठल. मी कोन बोलवनारी?

कान्हा : नवसी, मी उतरू का बॅगेवरून?

नवसी : उतरा. बारकू, चहा घे तू. तिचं हिरवं मला आखूड होईल रे. ती केवढी, मी केवढी.

बारकू : मंग आखूड नेस. वाडीत कोन बगतंय.

कान्हा : अगं, सगळं काढतेस? चादर पण? आणि कप?

नवसी : कप आधी. लाज वाटते मला त्या कपाची. हे निळं तेवढं नेते, हे चांगलं आहे. चंद्रीला ठेवून येईन.

कान्हा : आणि मग परत येताना काय नेसून येशील?

नवसी : हेच अंगावरचं. चंद्री धुऊन देईल ते.