दोन उभ्या रेघा

नव्याण्णव सालची सकाळ. लिंबायतच्या बसथांब्यावर बँकेतल्या श्रीरंग देवऱ्यांच्या पुढ्यात बापलेक उभे होते. बाप कापडाच्या कारखान्यात माग चालवायला निघालेला, लेक कॉम्प्युटरच्या नोकरीच्या मुलाखतीला. देवऱ्यांना कुणाचं ऐकायची हौस नव्हती, पण रांगच चिकटून होती.

"अप्पा, हा मी केलेला साड्यांच्या वेबसाइटचा फॉर्म, त्याचा प्रोग्राम या कागदावर छापून आणलाय. नाव रिकामं आणि फोनही रिकामा असेल, तर तो गिऱ्हाइकाला अडवतो."

"नाव लिहिलं आणि फोन नाही लिहिला तर?"

"तर... जाऊ देतो."

"मग साडी कुणाला विचारून पाठवायची?"

"क्लासमध्ये बरोबर चालला होता."

"तिथं दोन्ही खाने रिकामे ठेवून बघितलं असशील. बारा माग सांभाळतो मी, मयुरी. उभा धागा तुटला तर माग थांबतो, आडवा तुटला तरी थांबतो. दोन्ही तुटायची वाट बघितली, तर अख्खा तागा वाया जाईल."

मुलीनं कागदावरच्या 'आणि'च्या खुणेवर बोट ठेवलं. मग ती मागे वळली.

"काका, पेन आहे का?"

देवऱ्यांनी खिशातलं पेन काढून दिलं.

"हे बघा अप्पा, 'आणि'ची खूण खोडली. 'किंवा'साठी अशा दोन उभ्या रेघा मारतात. आता एक खाना रिकामा असला तरी अडवेल."

"आता कसं."

"साहेबांनी विचारलं, हे कुठं शिकलीस, तर?"

"क्लासचं नाव सांग."

"आणि नाही पटलं तर?"

"तर कारखान्याचा पत्ता दे. आठ ते आठ मी तिथंच असतो."