मदर मेरीसाठी डिंकाचे लाडू

नाही, तुम्ही मला सांगा, डिंकाचे लाडू करतात कुणासाठी? बाळंतिणीसाठी ना? मग परवा डबाभर लाडू झाले, घरभर खोबऱ्याचा वास, मी आपला एक मागितला, तर आमची बायको, सुशीला म्हणते, "तुम्ही बाळंत झालात का?" घ्या! पण घरात माझं ऐकतंय कोण!

तुम्हाला सांगतो, सगळं त्या शाळेमुळं झालं. आमची नात शेफाली, मुलाची मुलगी, कॅम्पात सिस्टर लोकांच्या शाळेत दुसरीला आहे. तिला आणायला आम्ही दोघं हडपसरहून रोज रिक्षानं जातो. डिसेंबर लागला आणि पटांगणात नाताळचा गोठा उभा राहिला. काय तो गोठा! गवत, मेंढ्या, गाय तर अशी की मी पिशवीत केळं शोधायला लागलो! आई बसलेली, बाप उभा, सगळे गव्हाणीकडे बघतायत... आणि गव्हाण रिकामी! मला वाटलं, बाळ चोरीला गेलं! शेफाली म्हणाली, "आबा, बाळ अजून व्हायचंय. सुट्टी लागायच्या आधी शेवटच्या दिवशी ठेवतात."

झालं! सुशीला थबकलीच. "म्हणजे दिवस भरलेत हिचे? पहिलटकरीण, परमुलखात, गोठ्यात... आणि हिची आई कुठाय हो?" मी म्हटलं, "अगं, मूर्ती आहे ती!" पण माझं ऐकतंय कोण!

त्याचं काय आहे, आमची मुलगी दीपमाला जर्मनीत. तीही पहिलटकरीण, तिचेही दिवस भरत आलेले, आणि सुशीलाचा व्हिसा नाकारला. भरलेली बॅग तशीच पलंगाखाली. त्यातला डिंक निघाला, तो थेट कढईत!

शेवटच्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रम. गोठ्याभोवती पोरंच पोरं, हातात मेणबत्त्या, आणि आवाज? शून्य! अहो, आमच्या सोसायटीच्या मीटिंगला नऊ माणसं गप्प बसत नाहीत, इथं हजार पोरं श्वास धरून! मग गाणं सुरू झालं, आणि सगळ्यात धाकटी मुलगी उशीवर बाळ घेऊन निघाली... जपून, जपून... तिनं त्याला गवतात ठेवलं, आणि खरं सांगतो, माझे हात आपोआप जोडले गेले.

डोळे पुसून बघतो, तर शेजारी सुशीला नाही! ती डबा घेऊन गोठ्यापाशी! आणि समोर मुख्याध्यापिका सिस्टर बेनेडिक्टा, ज्यांच्यापुढं आम्ही पालकसुद्धा चपला न वाजवता चालतो! म्हटलं, गेली शेफालीची अ‍ॅडमिशन! सुशीला शांतपणे म्हणाली, "आईसाठी आणलेत. सकाळी एक, दुधाबरोबर."

सिस्टरनी झाकण उघडून बघितलं. मग हळूच, त्यांच्या त्या केरळी मराठीत, "आजी, सगळा लोक बाळासाठी आणतो. आईसाठी कोणीच नाय आणला आजपर्यंत." आणि डबा स्वतःच्या हातानं मेरीच्या पायाशी ठेवला. दोघी रडतायत! अहो, एवढी मोठी बाई माझ्या घरात, आणि मी हिच्याकडे चाळीस वर्षं नुसता चहा मागतोय!

निघताना सिस्टर म्हणाल्या, "नाताळनंतर बाराव्या दिवशी या परत. लांबून तीन राजे येतात, बाळाला बघायला." सुशीलानं नाक पुसलं. "बाराव्या दिवशी? म्हणजे बारसंच की! मग घुगऱ्या नकोत?"

मी म्हटलं, "अगं, कुठल्या कुठले राजे ते, पोचतील तरी का वेळेवर?"

तर म्हणते, "पोचतील. त्यांना कुठं व्हिसा लागतोय!"

आता बसलोय घुगऱ्यांसाठी, निवडतोय हरभरे.